दोरीच्या गाठी सरकवल्या तेव्हा

मी एक जुनी तबकडी आहे. गाण्याची नव्हे, तळ्यात सोडायची. पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराने मला जेवणाच्या ताटाएवढी कापली, काळ्या-पांढऱ्या रंगाने रंगवली, खाली शिशाचे वजन लावले आणि मधल्या भोकातून दोरी ओवली. दोरीला हात-हातभर अंतरावर गाठी होत्या. मोजणीदार होडीतून मला पाण्यात सोडत आणि मी दिसेनाशी झाले की किती गाठी बुडाल्या ते वहीत लिहीत. बहुतेक वेळा पाच.

मित्रांनो, आमचे तळे निळे-हिरवे, पण धूसर. वर डोंगरात हिमनदी आहे. तो अवाढव्य बर्फ खडकावरून सरकताना जात्यासारखा दगड दळतो. खडे आणि वाळू, त्या बर्फातून निघालेली नदी तळ्याला मिळते तिथेच बसतात. पीठ मात्र इतके बारीक की आठवडेच्या आठवडे पाण्यात तरंगत राहते. उन्हात तळ्याला रंग चढतो तो त्याच पिठामुळे. तो पाहायला पाहुणे येत आणि मोजणीदारांच्या लेकीचे लॉज भरून जाई.

मोजणीदार मला स्वतःच्या रुमालाने पुसत. "आमची तबकडी खोटं बोलत नाही," असे येईल त्याला सांगत. मी फुशारून जाई. वेडी मी!

पुढे दरवर्षी मी जास्त खोलवर दिसू लागले. सहावी गाठ, सातवी, मग नववी. पाणी नितळ झाले म्हणून मला आनंद झाला. मोजणीदारांचा चेहरा मात्र उतरला. त्या दिवशी लेक होडीत होती.

"अगं, पीठ कमी आलं म्हणजे वरचं दळण थांबत चाललंय. बर्फ आटतोय. पुढे उन्हाळ्यात नदीचं पाणी गावाला पुरणार नाही. साठवणीची टाकी आत्ताच बांधायला हवी."

"बाबा, हा नऊचा आकडा वहीत गेला की सगळीकडे छापून येईल. तळ्याचा रंग जातोय म्हटल्यावर कोण येणार इथे?"

"मोजलंय ते मोजलंय."

"मग तुमची नात कशी शिकणार, तेही मोजा."

मोजणीदारांनी होडी किनाऱ्याकडे वळवली. दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसून त्यांनी माझ्या दोरीच्या गाठी एकेक करून सोडल्या आणि जवळजवळ दुप्पट अंतरावर पुन्हा बांधल्या. मी तेवढीच खोल जात होते, वहीत मात्र पुन्हा पाच लागले. ज्याने मला पुसले त्यानेच केसाने माझा गळा कापला.

"पुन्हा पाचच ना? मग बर्फ ठणठणीत आहे," वही पाहून गावच्या नगराध्यक्षबाई म्हणाल्या. टाकीचे काम पुढे ढकलले गेले.

तिसऱ्या उन्हाळ्यात नदीचा ओहोळ झाला. नळ कोरडे पडले, पाहुण्यांनी सामान बांधले. लॉजच्या दारात लेक रिकामी बादली घेऊन उभी होती. नगराध्यक्षबाई तिथे आल्या आणि वही आपटून म्हणाल्या, "तीन वर्षं पाचच कसे? तुमची तबकडी बिघडली की काय?"

मोजणीदारांनी माझ्याकडे पाहिले नाही. "हो," ते म्हणाले, "जुनी झाली ती."

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवूही नका. गंजले तरी माझी तक्रार नाही. पण आम्हाला मोजायला लावता, तर आम्ही सांगतो ते जसेच्या तसे लिहा. तेवढे धाडस नसेल, तर निदान खापर तरी आमच्या माथी फोडू नका.