निळ्या पिशव्यांचे गेंडे

भाग्येशच्या वाढदिवसाला गेंडा करायचा हे त्याने स्वतःच ठरवलं, आणि त्याने एकदा ठरवलं की आमच्या घरात आबांचंसुद्धा काही चालत नाही. आबा म्हणजे माझे सासरे, पितांबर पाटील. सगळं गाव त्यांना वचकून असतं. पण नातवाने घोडा व्हा म्हटलं की ते गुडघे टेकतात आणि नंतर दोन दिवस बाम चोळत बसतात.

मोबाइलवर एक कार्टून लागतं, गडगड गेंड्याचं. निळा, ढेरपोट्या गेंडा. तो शिंकला की गावातल्या घरांची कौलं उडतात आणि मग हा घरोघर माफी मागत फिरतो. एवढीच गोष्ट, रोज तीच. पण मी ती इतक्या वेळा पाहिली आहे की भाकरी थापताना त्याचं गाणं आपोआप तोंडात येतं. शहाद्याच्या दुकानात वाढदिवसाचं सामान आणायला गेले तर तिथे वाघ होते, ससे होते, परीसुद्धा होती. गेंडा नव्हता. दुकानदार म्हणाला, हत्ती न्या आणि सोंड कापून टाका. मला असा राग आला त्याचा! लोणखेड्याच्या फाट्यापर्यंत मी मनातल्या मनात त्याला बोलत होते.

घरी आले आणि शेडमध्ये नजर गेली. केळीच्या घडांना थंडीत घालतात त्या निळ्या पिशव्यांचा गठ्ठा कोपऱ्यात पडला होता. कापडासारख्या मऊ असतात त्या, आत श्वासही घेता येतो. एक डोक्यात घातली, वरचं तोंड सुतळीने बांधलं, तर थेट छातीपर्यंत आली. डोळ्यांसाठी दोन भोकं पाडली. जुन्या लग्नपत्रिकांची सुरळी करून नाकावर शिंग चिकटवलं. गेंडा तयार झाला, आणि तोही फुकटात.

भाग्येश तर नाचायलाच लागला. सगळ्यांनीच गेंडा व्हायचं म्हणे. "मोठी मम्मी, बठ्ठा जन गेंडा! तू बी, आबा बी!"

मी त्याची मोठी मम्मी. म्हणजे त्याच्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, रोशनी. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली आणि मला मूल नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, लोकांची तोंडं वाजून झाली, तो विषय आता राहू दे. योगेंद्र, माझा दीर, दोन वर्षांपूर्वी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. त्याची बायको काजल तेव्हा पंचवीस वर्षांची होती. गेल्या मे महिन्यात तिच्या माहेरच्यांनी तिचं दुसरं लग्न लावून दिलं, नवापूरकडे, चिंचपाड्याच्या पलीकडच्या एका गावात. चांगलंच केलं, मी आजही म्हणते. पोरीने सगळा जन्म एका फोटोकडे बघून काढायचा की काय?

पण ते लग्न ठरवताना जी बैठक बसली, तिच्यात आणखी दोन गोष्टी ठरल्या. पोरगा आमच्या घरात राहील. आणि पुरतं एक वर्ष काजलने त्याला तोंड दाखवायचं नाही, म्हणजे त्याचा जीव इकडे लागेल. तिचा बापसुद्धा हो म्हणाला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर कोणी ऐकलं असतं असं नाही, पण उघडलं नाही हे खरं. का उघडलं नाही तेही मला ठाऊक आहे. पोरगा माझ्या पदरात पडत होता.

"रोशनी, आजपासून पोऱ्या तुन्हाच शे," आबा मला म्हणाले होते.

माझाच होता तर त्याने मला मम्मी म्हणायला हवं होतं. आठ महिने मी त्या एका शब्दाची वाट पाहिली. लाज वाटते सांगायला, पण पाहिली. आबा त्याला मांडीवर घेऊन शिकवायचे, "मोठी कसाले म्हनस रे? नुसतं मम्मी म्हन." तो शहाण्यासारखी मान हलवायचा आणि पुढच्याच मिनिटाला हाक यायची, "मोठी मम्मी, पानी!" मी पाणी द्यायचे.

राखीच्या सुमाराला काजल एकदा न सांगता आली होती, फाटकापर्यंतच. भाग्येश "मम्मी" म्हणून ओरडत धावला आणि तिच्या साडीला बिलगला. आबा काठी घेऊन ओसरीवरून उतरले. मारायला नव्हे, वाट अडवायला. पण लहान पोराला त्यातला फरक काय कळणार? "शब्द ठरेल शे ना?" आबा म्हणाले. "पोऱ्यानं मन कसाले हालावस? जाय तू!" भाग्येशने साडी दोन्ही मुठींत धरून ठेवली होती. त्याची बोटं मी सोडवली. एकेक करून सोडवली. त्या दिवसानंतर त्याने आईचं नाव काढलं नाही. आम्हाला वाटलं, रुळला पोरगा.

वाढदिवस संक्रांतीच्या आधीच्या रविवारी करायचा होता. चार दिवस आधी काजलचा फोन आला. सणासाठी ती तळोद्याला माहेरी आली होती.

"ताई, माले फक्त दखू दे त्याले," ती म्हणाली. "दूरथीन. एक शब्द बी बोलनार नई."

"वरीस भराले चार महिना शेतस आखो," मी म्हणाले. "तेवढा दम धर." आणि फोन ठेवून दिला.

ठेवला खरा, पण दिवसभर माझा पारा चढलेला. ह्यांच्यावर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर, उगाच खेकसले. फुगे मोजकेच आणले म्हणून. संध्याकाळी पिशव्यांना भोकं पाडत बसले होते. माप बघायला एक डोक्यात घातली आणि आरशासमोर उभी राहिले. मला मीच ओळखू आले नाही. आणि तिथेच ती कल्पना डोक्यात शिरली.

मन मोठं केलं असं मी लोकांना सांगू शकते, पण खोटं कशाला बोलू? मला काजलला दाखवायचं होतं. बघ, पोराचे गाल कसे भरलेत. बघ, त्याच्यासाठी मी काय काय केलंय. एकदा डोळे भरून पाहील, निर्धास्त होईल आणि आपल्या संसाराला लागेल. पुन्हा मागे वळून बघणार नाही. अशी माझी अक्कल.

मी फोन लावला. "रविवारे चार वाजता ये. मांगना दारथीन. तुन्हासाठे पिशवी ठेवस. ती काढानी नई, बोलानं नई, केक कापा का निंघानं."

पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला.

रविवारी सकाळपासून घर डोक्यावर. केक मी कुकरमध्ये केला. वरच्या क्रीममध्ये निळा रंग घातला तर ते पिवळट लोणी हिरवंगार झालं. भाग्येश बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "गेंडा आजारी शे." मी हसले आणि आजारी गेंड्याला बिस्किटाचं शिंग लावलं. भेळभत्ता कालवला. त्याला नवा शर्ट घातला, शहाद्याहून आणलेले नाडीचे बूट घातले.

चार वाजता ओसरीवर वीसेक निळी डोकी जमली. बायकांनी तर धमाल केली. एरवी आबांसमोर पदर सावरता सावरता हात दुखतात, आज सगळ्यांचीच तोंडं झाकलेली, म्हणून एकेक जण मोकळ्या गळ्याने खिदळत होती. आबा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. भाग्येश त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला, तेव्हा त्यांनी टोपी काढली आणि मुकाट्याने पिशवी घातली. त्यांचं शिंग एका बाजूला कललं होतं.

काजल मागच्या दाराने आली. मी स्वयंपाकघरात तिची वाटच बघत होते. वाळली होती. काही बोलणार तेवढ्यात मी तिच्या डोक्यात पिशवी घातली, वरची सुतळी आवळली आणि तिला बायकांच्या घोळक्यामागे उभं केलं. माझ्या माहेरची कोणी पाहुणी असेल असं प्रत्येकीला वाटलं असणार. कोणी विचारलं नाही.

भाग्येश स्टुलावर चढला. त्याने आपली पिशवी काढली, कारण पिशवीतून मेणबत्ती कशी विझवणार? मी काडी पेटवत होते. त्याच्या उजव्या बुटाची नाडी सुटून लोंबत होती, मला ती दिसलीच नाही. काजलला दिसली. घोळक्यातून ती पुढे आली, स्टुलापाशी खाली बसली आणि तिने नाडी बांधली. बांधून झाली तरी उठली नाही. त्याच्या बुटावर हात ठेवून तशीच बसून राहिली.

आबांनी डोक्यातली पिशवी काढली.

"ती कोन शे?" त्यांनी विचारलं. "कोना घरनी वहू शे ती? ए बाई, तोंड उघड."

काडी बोटाला चटकली तेव्हा कळलं की ती अजून माझ्या हातात आहे. काजल हलली नाही. आबा खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायला लागले.

तेवढ्यात भाग्येशने सुरी उचलली. मेणबत्ती नाही, गाणं नाही, केकचा हा एवढा लगदा हातात घेऊन त्याने स्टुलावरून उडी मारली, तिला ओलांडून धावत माझ्याकडे आला आणि माझी पिशवी वर ढकलली.

"मम्मी!" तो मोठ्याने म्हणाला. "मम्मी, आ कर! मम्मी, केक खाय!"

ओसरी टाळ्यांनी दणाणली. बायका पिशव्या काढून डोळे पुसायला लागल्या. आबा उठता उठता परत बसले. त्यांचा चेहरा असा झाला की मी तो योगेंद्र गेल्यापासून पाहिला नव्हता. "दखा!" ते ज्याला त्याला सांगत होते. "मम्मी म्हनना पोऱ्या! दखा!"

मी त्याला उचलून घट्ट धरलं. माझ्या नाकातोंडात हिरवं क्रीम गेलं होतं, मी रडत होते, हसत होते, त्याचे मुके घेत होते. अकरा वर्षांचा उपास त्या एका शब्दाने सुटला. खरं सांगते, तेवढा वेळ मी काजलला विसरले. अगदी साफ विसरले. आठवण झाली तेव्हा स्टुलापाशी कोणी नव्हतं, आणि मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

दिवेलागणीला सगळे पांगले. हे मंडळींना सोडायला फाट्यावर गेले, आबा खुशीत गावात चक्कर मारायला गेले. सगळ्या गावाला बातमी सांगायची होती त्यांना. मी ओसरीवर पसारा आवरत होते, पण माझं लक्ष पसाऱ्यात कुठलं? भाग्येश पायरीवर बसून फुगा दाबत होता. मी त्याच्याशेजारी टेकले.

"आखो एकदाव म्हन ना," मी म्हणाले.

त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. "आबा कथा शेतस?"

"गावमा गयात."

मग तो माझ्या कानाशी आला. "मम्मी गई का? तिले कोनी बोलनं नई ना?"

"कोनती मम्मी?" मी विचारलं.

"जिनी नाडी बांधी ती."

"तुले म्हाईत व्हतं? मंग तू तिले हाक का नई मारी रे?"

"हाक मारी का आबा काढी देतस तिले," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात, रोजचं काही सांगावं तसं. "आनि तू मन्हा बोटं सोडाडस."

पाच वर्षांचं पोर. आईला कोणी हाकलू नये म्हणून ते तिच्या अंगावरून धावत आलं होतं आणि मला मम्मी म्हणालं होतं. तिच्यादेखत. तिलाही ते ऐकू गेलं. तिने काय समजायचं? तिला वाटलं असेल, विसरलं लेकरू आपल्याला. तेच मनात धरून ती आता तळोद्याच्या जीपमध्ये बसली असेल. आणि मी सगळ्या गावादेखत ते डोक्यावर घेऊन नाचले. हे असलं शहाणपण त्याला आम्ही शिकवलं, आबांनी काठीने आणि मी हाताने.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी रागावले असं त्याला वाटलं असावं, कारण तो घाईघाईने म्हणाला, "पुढला वाढदिवसले बी पिशव्या घालूत. तू तिले बलाव. मी तुले मम्मी म्हनसू. आबाना मोरे म्हनसू, रोज म्हनसू."

मला जे हवं होतं ते सगळं तो देत होता. रोज, सगळ्यांसमोर. क्षणभर, देवाशप्पथ, मला हो म्हणावंसं वाटलं.

"म्हनू नको," मी म्हणाले. "मी तशीच बलावसू तिले."

"नक्की?"

"नक्की. आज रातलेच फोन लावस. तुले म्हाईत व्हतं ते सांगस तिले."

त्याने माझा चेहरा नीट न्याहाळला. खरं की खोटं, ते तपासून घेतलं. मग त्याचे खांदे सैल झाले.

"बरं, मोठी मम्मी," तो म्हणाला आणि उरलेला केक खायला आत पळाला. मी तिथेच पायरीवर बसून रडले.