बदकांच्या पायाखालची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. फळीला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण ज्यांना बोलता येतं ती माणसं या प्रकरणावर गप्प बसली आहेत, म्हणून मला तोंड उघडावं लागतंय.

माझं तारुण्य एका बेकरीत गेलं. भट्टीतून काढलेले पाव बेकरीवाले काका माझ्यावर ओळीने निवत ठेवायचे. गिऱ्हाइकं पावांचं कौतुक करायची. फळीचं कुणी केलं नाही, आणि मीही कधी मनाला लावून घेतलं नाही. पुढे काका गेले आणि भट्टी विझली. सगळं सामान विकलं गेलं, मला मात्र काकांच्या बायकोने, म्हणजे साऱ्या गल्लीच्या मावशीने, ठेवून घेतलं. स्वयंपाकघराच्या दारामागे केरसुणीच्या शेजारी उभी राहून मी बरीच वर्षं निवृत्तीचं सुख भोगलं.

त्याच सुमारास नदीला शिस्त लावायचं ठरलं. गवताळ उतार होता तिथे सिमेंटची उभी भिंत आली. वर फिरायला फरशीचा रस्ता आला, बाकं आली. नदी मोठी देखणी दिसू लागली. फक्त तिच्यात असलेल्याला बाहेर यायची सोय राहिली नाही. मोठ्या बदकांचं ठीक आहे, ती उडतात. पिल्लांना उडता येत नाही, मित्रांनो. त्यांची लव भिजते, अंग गारठतं, आणि मधूनमधून वर येऊन आईच्या पोटाखाली शेकलं नाही, तर ती टिकत नाहीत.

मावशीने एका सकाळी भिंतीशी धडपडणारं पिल्लू पाहिलं. घरी येऊन तिने मला दारामागून ओढलं. पाय घसरू नयेत म्हणून अंगभर काथ्याची दोरी गुंडाळली. एक टोक भिंतीवरच्या कडीला बांधलं, दुसऱ्याला तेलाचा रिकामा डबा, म्हणजे पाणी चढलं-उतरलं तरी मी तरंगत राहीन. मग माझ्यावर हात फिरवून म्हणाली, "पाव सांभाळलेस, आता हे सांभाळ."

आधी कुणी माझ्याकडे फिरकलं नाही. मग मानेवर पांढरा ठिपका असलेली एक बदकीण आली. तिने चोचीने मला ठोकून पाहिलं, गिऱ्हाईक पाव दाबून बघतं तसं, आणि पिल्लांची माळ घेऊन चढली. ते इवलेसे पाय! भट्टी विझल्यावर पहिल्यांदा माझ्या अंगाला ऊब लागली. त्यानंतर ती दर वर्षी यायची. मावशी बाकावर बसून पाहायची आणि तिला "आलीस का गं, माहेरवाशिणी?" म्हणायची. माझ्यावर विष्ठेचे थर चढले. दुसऱ्या कुणाला ती घाण वाटली असती. मला ती नोकरीत कायम झाल्याची खूण वाटायची.

यंदा मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेली. जाताना दिराला म्हणाली, "भावजी, नदीकडे जरा लक्ष असू द्या." भावजी म्हणजे काठमित्र मंडळाचे अध्यक्ष. मंडळाला नदीचा खरा कळवळा होता, मी चेष्टा करत नाही. स्वच्छतेच्या दिवशी त्यांनी काठावरचा कचरा गोळा केला, तेव्हा पाण्यातली मी त्यांना दिसले. भावजींनी मला लगेच ओळखलं. मला वर ओढून, अंगावरचा थर नखाने खरवडत म्हणाले, "ही माझ्या दादाची फळी. बदकांनी काय दशा करून टाकलीय हिची."

वहिनीला परत आल्यावर आनंदाचा धक्का द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. दोरी कापली. मला खरवडलं, घासलं, रंग दिला, आणि स्वतःच्या हाताने सुबक अक्षरं काढली: मुक्या जिवांना जपा. मग भिंतीच्या वर, त्या कडीच्या शेजारच्याच खांबाला मला ठोकलं. टाळ्या झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक झालं.

दुसऱ्या सकाळी बदकीण आली. मागे नवी पिल्लं. ती नेमकी माझ्या जागी आली आणि थांबली. भिंतीला चोच लावून पाहिली. वर उडाली, हाका मारल्या, परत खाली गेली. पुन्हा वर, पुन्हा खाली. फिरायला आलेली माणसं थांबली. आई पोहायला शिकवतेय, असं एकजण कौतुकाने म्हणाला. भावजींनी बाकावरच्यांनाही बोलावून दाखवलं. कुणी बिस्किटं टाकली. मी चार खिळ्यांवर लटकून, अंगावर ती सुबक अक्षरं घेऊन, सगळं पाहत होते. दुपारी माळ तोकडी झाली होती. संध्याकाळी बदकीण एकटी पोहत होती.

मावशी परतली तेव्हा भावजी तिला थेट नदीवर घेऊन आले.

"वहिनी, बघा. दादाची फळी. पाण्यात पडली होती, वाया नाही जाऊ दिली."

मावशीने अक्षरं वाचलीच नाहीत. तिने रिकाम्या कडीकडे पाहिलं.

"भावजी, मग पिल्लं वर कुठून आली?"

भावजींनी कडीकडे पाहिलं, मग खाली पाण्याकडे. बाकावर बसले. म्हणाले, "मला वाटलं, खेळतायत. मीच लोकांना बोलावून दाखवलं, वहिनी."

मावशीला त्यांच्यावर रागावताही येईना, कारण मला त्यांनी ज्या मायेने घासलं होतं, ती माया खोटी नव्हती. ती शेजारी बसली. डोळे पुसून म्हणाली, "घरून पकड घेऊन या."

दोघांनी मिळून खिळे उपसले आणि अक्षरांवरून पुन्हा दोरी गुंडाळली. आता दोन वेढ्यांच्या फटीतून 'जपा' मधला 'ज' तेवढा दिसतो. मंडळाचा उपक्रम यशस्वी झाल्याचं मंडळाने जाहीर केलं आहे.

मित्रांनो, नदीकाठ जरूर स्वच्छ ठेवा. पण एखादी कळकट वस्तू उचलण्याआधी, ती कुणाच्या पायाखालची आहे, एवढं मात्र पाहा. त्या पायांना तक्रार करता येत नाही.

काल बदकीण आली. मला चोचीने ठोकून पाहिलं. मग सावकाश, एकेक पाऊल थांबत चढली, मागच्यांना गाठता यावं म्हणून ती नेहमी थांबायची तशी. वर पोचल्यावर तिने वळून पाहिलं. मावशी बाकावरच होती.

बदकीण पंख थोडे पसरून रस्त्याकडेच्या गवतात बसली, आणि पोटाखाली जागा करून वाट पाहत राहिली.