सासूबाईंचे ब्रेक

पाय गाडीबाहेर आणि डोकं पेडलांच्या मागे, अशा अवघडलेल्या अवस्थेत सुनेनं ब्रेकच्या दांड्यावरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. ते नाकाशी नेऊन तिनं वास घेतला.

"ब्रेक ऑइल," ती आतूनच म्हणाली. "मास्टर सिलिंडर गळतोय."

"गळतोय म्हणजे दुरुस्त होण्यासारखा, की गेलाच?" दारात उभ्या असलेल्या सासूबाईंनी विचारलं.

"उघडल्यावर कळेल."

खरं तर त्या आता तिच्या सासूबाई राहिल्या नव्हत्या. घटस्फोटाला बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा दूर देशी दुसरा संसार मांडून बसला होता. पण मोडलेल्या नात्याच्या जागी दुसरा शब्द कुणी दिला नव्हता. काल फोनवर त्या "अगं, मी बोलतेय" एवढंच म्हणाल्या होत्या, आणि "हं, बोला" म्हणताना हिनंही संबोधन गिळलं होतं.

काल बाजारातून परतताना घराजवळच्या उतारावर पेडल थेट तळाला टेकलं होतं. सासूबाईंनी हँडब्रेक खेचला म्हणून बंपर फाटकाच्या खांबावर नुसता घासला. ही हकिकत मुलाच्या कानावर गेली आणि त्यानं निकाल देऊन टाकला. गाडी काढून टाकायची. जुन्या गाड्यांचा एक दलाल दुपारी टोइंगची गाडी घेऊन येणार होता.

"तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतोय," सासूबाई म्हणाल्या. "म्हणतो, या वयात नसते उद्योग कशाला? मी म्हटलं, मग कुठल्या वयात करू? ज्या वयात तुझ्या बाबांनी करू दिले नाहीत, त्या वयात?"

सून हसली नाही, पण पाना शोधता शोधता तिचा हात क्षणभर थांबला. गाडी सासऱ्यांची. गोल दिव्यांची, पुढून भरदार, वयानं सुनेपेक्षा मोठी. सासरे छापखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचे. सुट्टीच्या दिवशी सून आणि ते बॉनेटमध्ये डोकं घालून बसत आणि सासूबाई चहा ठेवून आत निघून जात. स्टिअरिंगला त्यांनी बायकोला कधी हात लावू दिला नाही. ते गेले, आणि सासूबाईंनी नातवंडांच्या वयाच्या पोरांबरोबर मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या. दुसऱ्या वेळी पास झाल्यावर त्यांनी कुणालाच कळवलं नाही. सरळ गाडी काढली आणि गावाबाहेरच्या मैत्रिणीच्या दारात जाऊन हॉर्न वाजवला.

पाइप सुटा झाला, दोन नट निघाले आणि सिलिंडर सुनेच्या हातात आला. तिनं आतला दट्ट्या काढून नळी उजेडाकडे धरली. आतून गंजानं खड्डे पडले होते.

"आतली रबरं बदलून भागायचं नाही. नवी रबरंही हे खड्डे चार दिवसांत कुरतडून टाकतील."

सासूबाईंचा चेहरा उतरला. सुनेनं पिशवीतून कागदात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं. फोन ठेवल्यापासून तिनं जुन्या सुट्या भागांची अर्धी बाजारपेठ पालथी घातली होती. कागद सुटला आणि आतून नवाकोरा सिलिंडर चमकला.

"आधीच नाही का सांगायचं? माझा जीव टांगणीला लावलास!"

"जुना बरा निघाला असता तर हा परत करणार होते."

नवा सिलिंडर तिनं आधी शिकंज्यात धरून ऑइलनं भरला, आतली हवा काढली, मग जागेवर बसवला. पाइपाचा नट आधी नुसत्या बोटांनी फिरवला, आटे नीट बसल्याची खात्री झाल्यावरच पाना लावला. इस्पितळातली यंत्रं सांभाळणं हीच तिची नोकरी होती; घाई कुठे करायची नसते हे तिच्या हातांना ठाऊक होतं. गाडीच्या रंगावर ऑइलचा थेंब उडाला तसा, रंग खाऊन टाकायच्या आत, तिनं तो लगेच पाण्यानं धुऊन काढला.

मग पाइपांतली हवा काढायला सासूबाई पेडलाशी बसल्या आणि ती मागच्या चाकाशी आडवी झाली.

"दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा." तिनं चाकामागचा छोटा नट सैल केला. त्याला लावलेल्या रबरी नळीतून बुडबुडे आले. नट पुन्हा आवळून ती म्हणाली, "सोडा."

दाबा, धरा, सोडा. एवढ्या तीन शब्दांवर दोघींचं छान चाललं होतं. आणि मग नळीतून काही येईनासं झालं. सासूबाई दाबत राहिल्या. ना ऑइल, ना हवा. सुनेनं सिलिंडरवरची ऑइलची डबी पाहिली. भरलेली होती. पाइप पाहिले. कुठे गळत नव्हतं. तिनं कपाळाला हात लावला आणि कपाळ काळं करून घेतलं.

"नवाच खराब निघाला की काय?"

"थांब गं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चप्पल काढली आणि अनवाणी पाय पेडलावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. "पूर्वी पाय ठेवला की आधी जरासं मोकळं जायचं. मग जोर लागायचा. आता ठेवल्या ठेवल्या ताठच. ते मोकळं गेलं कुठे?"

सून तीरासारखी पेडलाखाली घुसली. पेडलापासून सिलिंडरकडे जाणारा दांडा लांब पडत होता. दट्ट्याला तो पुरता मागे येऊच देत नव्हता, म्हणून डबीतलं ऑइल पुढे सरकत नव्हतं. तिनं लॉकनट सैल केला, दांडा आत फिरवून थोडा आखूड केला.

"आता?"

पाय वरखाली झाला. "हं! हे माझं पेडल."

ती मागच्या चाकाकडे धावली. "आई, दाबा!"

शब्द तोंडातून निसटून गेला होता. नळीतून बुडबुडे सळसळत आले आणि पाठोपाठ ऑइलची स्वच्छ धार. सासूबाईंनी पेडल सोडलं नाही. त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक.

"दाबून धरलंय गं. तुझं चालू दे."

शेवटच्या चाकाचं काम संपत आलं तेव्हा टोइंगची गाडी फाटकाशी येऊन थांबली. जाडजूड दलाल किल्ल्या फिरवत आत आला आणि गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "ब्रेक नाहीत ना हिला? साखळी लावून नेतो."

"आधी जरा बसून तर बघा," सासूबाईंनी शेजारचं दार उघडलं.

तो बसला. सून मागे बसली. उताराच्या टोकाशी जाऊन सासूबाईंनी गाडी वळवली आणि बेताच्या वेगानं खाली सोडली. फाटक जवळ आलं. खांब दिसू लागला. दलालाचे दोन्ही हात डॅशबोर्डवर गेले.

"अहो, अहो बाई!"

गाडी जागच्या जागी खिळली. दलालाचा चष्मा त्याच्या मांडीवर पडला. खांब बंपरपासून चांगला हातभर लांब होता.

"विकायचीय ना गाडी?" चष्मा डोळ्यांवर चढवत तो म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"तुमचा मुलगा."

"मग त्याची घेऊन जा."

दलाल पोट हलवत हसू लागला. जाताना त्यानं बॉनेटवर हळूच थाप मारली आणि पुढेमागे भाग लागले तर सांगा म्हणाला.

सुनेला घरी सोडायला सासूबाई स्वतः निघाल्या. रस्ताभर त्या गरज नसतानाही अधूनमधून ब्रेक दाबून बघत होत्या आणि स्वतःशीच हसत होत्या. सुनेच्या इमारतीशी गाडी थांबली.

"चहाला वर येता का?"

"येईन की. आज नको," सासूबाईंनी आरशात बघून केसांची बट सारखी केली. "आज जरा समुद्रापर्यंत जाऊन येते."

"समुद्र? एकट्या? घाट लागतो मध्ये."

"ठाऊक आहे."

सून दाराला हात लावून उभी राहिली. मीही येते, निदान पोचल्यावर फोन करा, घाटात खालच्या गियरमध्ये राहा, असं कितीतरी तिच्या ओठांवर आलं. तिनं दार लावलं. नीट लागलं ना, हे ढकलून पाहिलं आणि ती एक पाऊल मागे सरली.

गाडी निघाली. कोपऱ्यावर मागचे दोन्ही लाल दिवे लागले, पळभर तसेच राहिले आणि विझले. मग गाडी डावीकडे वळली. घराचा रस्ता उजवीकडे होता.