सरकणारी शेड

रावसाहेबाची शेड पहिल्यांदा सरकली तेव्हा जेमतेम हातभर सरकली. पाठीला पंखा बांधून उडणाऱ्या हौशी लोकांची टू-स्ट्रोक इंजिनं तो ट्यून करायचा. इंजिन भिंतीला बोल्टनं घट्ट आवळलेलं, त्याच्या तोंडाला लाकडी पंखा. इंजिन सुरात आलं की पंखा हवा मागं ढकलायचा आणि शेड पुढं जायची. त्यात नवल ते काय? रावसाहेबाला तरी वाटलं नाही.

त्याची बायको शालन डबा घेऊन यायची. आधी अंगण ओलांडून, मग ओढा ओलांडून, पुढं पुढं तर एसटीनं.

"अवं, बंद करा की ते," ती म्हणाली. "घरापास्नं किती लांब आलायसा, बघा तरी."

"एवढं बसू दे नीट. जरा अडखळतंय."

"तुमचं रोजच अडखळतंय."

लोकांना झकास वाटणाऱ्या इंजिनात ह्याला बारीकशी खोट ऐकू यायची. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवला की शेड आणखी पुढं. हळूहळू दारातून नुसता माळ दिसू लागला आणि शालन येईनाशी झाली. इंजिन बंद केलं की त्या सामसुमीनं त्याचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून तो ते पुन्हा चालू करायचा.

एका सकाळी इंजिन खरंच बिनचूक लागलं. तो हसून सांगायला वळला, तर सांगायला कुणीच नव्हतं. त्याला रडू फुटलं. त्यानं इंजिन सोडवून समोरच्या भिंतीवर उलट्या तोंडानं बसवलं. शेड घराकडं निघाली. केसांना पाणी लावून, भांग पाडून तो खिडकीत उभा राहिला.

शेड अंगणाला टेकली, तेव्हा तिथं घर नव्हतं. नुसता पायाचा चौकोन होता, आणि कुंपणाशी शेजारची तानूबाई.

"तुमचं जुनं इंजिन मागल्या भिंतीला बसवलं शालननं," तानूबाई म्हणाली. "म्हणाली, जाते नि आणते त्यांना. गेली घरासकट."

रावसाहेबानं इंजिन बंद केलं. लांब माळावर दुसरं इंजिन ऐकू येत होतं. कधी डावीकडं, कधी उजवीकडं, त्याला हुडकत. आपलं चालू केलं तर तिचा आवाज बुडणार होता, मग जायचं कुठल्या अंगाला? नाही केलं, तर ती लांबच जात राहणार होती.

"शालन!" तो ओरडला. तिच्या इंजिनाचा आवाज आणखी बारीक झाला. इंजिन चालू करायची दोरी मुठीला गुंडाळून तो ऐकत उभा राहिला.