पालथा चमचा

"हा चमचा पालथा आहे," कप्तान म्हणाला.

"मग सरळ करा," बायको म्हणाली, आणि त्याने हात उचलायच्या आत तिनेच तो उलटवून ठेवला. डब्यांची झाकणं, पोरांच्या चपला, शेजारणींचे रुसवे, जे जे उलटं दिसेल ते सरळ करत जायची तिची जन्माची खोड.

कप्तान मात्र चमच्याकडे बघतच राहिला. एकच टेबल, एकाच हाताने मांडलेलं. तिच्यापुढचा चमचा उताणा, त्याच्यापुढचा पालथा. चुकून दोन्ही पालथे पडले असते. चूक अशी माणूस निवडून होत नाही.

खानावळीच्या या हॉलात त्याचं आयुष्य उभ्याने गेलं होतं. कुठली फरशी हलते, कुठल्या कोपऱ्यात पंख्याचं वारं पोचत नाही, कुठल्या खुर्चीत भांडखोर गिऱ्हाईक हमखास बसतं, सगळं त्याच्या तळपायांना पाठ होतं. वाढप्या म्हणून आला, वाढप्यांवरचा कप्तान झाला, आणि गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मालकाने त्याला गोड बोलून घरी बसवलं. तेव्हापासून दर रविवारी दुपारी तो इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला घेऊन, इथे गिऱ्हाईक म्हणून जेवायला येई. आठवड्यातला तेवढा वेळ तो कप्तान असे. बाकीचे दिवस तो नुसता 'अहो, ऐकलं का' होता.

आणि त्या वेळात तो कोणालाच सुखाने श्वास घेऊ देत नसे. ग्लासावर बोटांचे ठसे. ताट चुकीच्या बाजूने ठेवलं. पाव कालचा. सूप कोमट. एकेक चूक तो अशी वेचून काढी, जसे तांदूळ निवडणारीने खडे वेचावेत. मग बिलाइतकेच पैसे ठेवून उठे. वर टिप म्हणून फुटकी कवडीही नाही. "टिप म्हणजे शाबासकी," तो म्हणे. "वाईट वाढणाऱ्याला शाबासकी दिली, की त्याला वाईटच वाढायची गोडी लागते."

सूप आलं. आणणारा नेहमीचाच, डोकं बल्बला लागेल इतका उंच. स्वैपाकघरातून त्याला 'लांब्या' अशी हाक येई. कप्तानाने त्याचं नाव कधी विचारलं नव्हतं. लांब्याने वाट्या ठेवल्या. कप्तानाच्या वाटीत त्याचा अंगठा पहिल्या पेरापर्यंत बुडाला होता. मग त्याने दोन बोटांनी कप्तानाचा चमचा उचलला आणि पुन्हा पालथा घातला.

"काय केलंस ते?"

"चमचा ठेवला."

"कसा ठेवलास?"

"ठेवायचा तसा."

"अरे बाबा," बायको मध्ये पडली, "पालथ्या चमच्याने माणसाने सूप प्यायचं कसं?"

"पिताना वळवायचा, मावशी. आम्ही काही तो शिवून नाही ठेवलेला."

पलीकडच्या टेबलापाशी उभा असलेला दुसरा वाढप्या खाली मान घालून हसला. कप्तानाला ते हसू दिसलं, कारण वाढप्यांचं हसू कुठे लपतं ते त्याला माहीत होतं. आपणच ते तिथे लपवायला शिकवलं होतं.

पालथा चमचा ही वाढप्यांची खूण होती. गिऱ्हाइकाला ती कळत नाही. वाढप्याला हॉलाच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. इथे जीव पाखडू नका. पाणी एकदा मागितलं तर दोनदा मागू द्या. गरम असेल ते पुढे न्या, उरेल ते इथे आणा. इथे बसलेला माणूस तुमच्या पायांची किंमत शून्य धरतो, तुम्ही त्याच्या भुकेची तेवढीच धरा. कप्तान तरुण होता तेव्हा एका मस्तवाल गिऱ्हाइकासाठी रागाच्या भरात त्याने पहिला चमचा पालथा घातला. बाकीच्यांनी ती खूण उचलली. पुढे कप्तान झाल्यावर त्याने त्याला एक नियम जोडला: एकदा पालथा तो कायमचा पालथा. नाहीतर लोक एक दिवस चार नाणी फेकतात आणि सगळ्या मग्रुरीची माफी घेऊन जातात.

"ही खूण कोणी काढली, ठाऊक आहे का तुला?" त्याने विचारलं.

"असेल कोणीतरी. माझ्या आधीपासून आहे."

"मी काढली."

लांब्याने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. कप्तान ताठ झाला. आता याची नजर झुकेल, आता हा ओशाळेल, असं त्याला वाटलं. लांब्याने ट्रे काखेत मारला.

"बरं झालं," तो म्हणाला. "म्हणजे नियम समजावून सांगायला नको."

आणि तो वळला.

"थांब. हिचा सरळ का मग?" कप्तानाचा आवाज चढला. "दोघं एका बिलावर जेवतो आम्ही. हिचा का सरळ?"

बायकोने गडबडीने पावाचा तुकडा मोडला. लांब्या तिच्याकडे बघून जरा घुटमळला. पण राग मोठा की भीड मोठी, याचा निकाल त्याच्या तोंडावर लगेच लागला.

"मावशी ठेवतात," तो म्हणाला. "बशीखाली. तुम्ही हात धुवायला गेलात की."

हॉलात त्या दुपारी पन्नास तोंडं जेवत होती, आणि कप्तानाला एकही चमचा वाजलेला ऐकू आला नाही.

घरी येताना तो चार पावलं पुढे चालला. गुडघे त्याला शिव्या देत होते, तरी त्याने चाल कमी केली नाही. दार उघडून आत गेला, बूट काढले आणि ते दोन दिशांना गेले. तिने ते जोडीने लावले.

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून."

"माझ्या पाठीमागे."

"पुढ्यात ठेवू दिलं असतंत?"

"कशाबद्दल पण? गार सुपाबद्दल? अंगठ्याचा रस्सा पाजला त्याबद्दल?"

"अंगठ्याबद्दल नाही. इतक्या लांबून चालत आणून ठेवलं त्याबद्दल."

"चालायचा पगार मिळतो त्याला."

"तुम्हालाही मिळायचा. तुमचा पगार महिन्याच्या मध्यावरच बसकण मारायचा. उरलेला महिना मी लोकांच्या बशांखालच्या नाण्यांवर ओढत आणलाय. पोरांच्या वह्या, तुमच्या आईची औषधं, हा तुमचा इस्त्रीचा शर्टसुद्धा."

"ते मी कमावलं होतं," कप्तान म्हणाला. "गार वाढून नाही. माझ्या हातून कधी गिऱ्हाइकाची वेळ चुकली नाही, की वाटी चुकली नाही."

ती हसली. ते हसू त्याला अजिबात आवडलं नाही.

"सासूबाई गेल्या त्या आठवड्यात?"

कप्तानाने शर्टाचं वरचं बटण काढलं.

"घरातलं रडणं थांबलं नव्हतं आणि तुम्ही कामावर गेलात. कोणाचं सूप कोणाच्या पुढ्यात, चहात मीठ, आणि त्या एका बाईच्या मांडीवर आख्खा पाण्याचा जग. तुम्हीच येऊन सांगायचात. आणि रात्री खिसे उलटे केलेत की नाणी रोजच्याइतकीच पडायची. मी विचारलं, हे कसं काय? तर म्हणालात, लोक वेडे आहेत."

"वेडेच होते."

"मग त्या वेड्यांत मला धरा."

"त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. तोंडावर रेघ उमटू दिली नव्हती मी."

"त्यांनी विचारलं कुठे होतं? नुसतं ठेवलं आणि गेले."

कप्तानाने पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला. "तुला धंद्यातलं काही कळत नाही," तो शेवटी म्हणाला.

"नसेल कळत. पण वाढायचं कळतं." तिने ओट्यावरची भांडी एकमेकांत घातली, आवाज हवा त्याहून जरा मोठा होता. "लग्न झाल्यापासून तुम्हाला वाढते आहे. कधी गार? कधी उशिरा? आणि 'बरं झालंय' एवढं दोन शब्दांचं नाणं कधी पडलं माझ्या बशीखाली?"

"घरात कोण टिप देतं?"

"तेच म्हणते मी."

त्याने वर्तमानपत्र उघडलं. ते काल वाचलेलं होतं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "पालथ्या घड्यावर पाणी." मग एकदम थबकली, आणि तिची तिलाच हसण्याची उकळी फुटली. "घडा काय आणि चमचा काय, एकाच घाटाचे."

तो हसला नाही. ती भांडी विसळायला बसली, आणि तिच्या आईच्या तोंडची, जात्याच्या लयीतली जुनी ओळ नळाच्या धारेच्या आवाजात हळूच गुणगुणू लागली:

*वाढत्या हाताला कोण म्हणे, बस खाली,*
*साऱ्यांची जेवणं झाली, चूल विझूनिया गेली.*



तो आठवडा घरात भिंतीच बोलल्या. "यांना सांगा, चहा झाला," ती भिंतीला सांगे. "तिला सांगा, कळलं," तो दाराला सांगे. रविवार जवळ येऊ लागला तसं त्याला वाटू लागलं, की तिथे परत पाऊल ठेवू नये. गावात खानावळ काय एकच आहे? पण दुसऱ्या खानावळीत तो कोण? गुडघे धरून खुर्चीत बसणारा एक म्हातारा. तिथे त्याचा चमचा सरळ असेल खरा. अनोळखी माणसाचा चमचा सगळीकडेच सरळ असतो. इथे न जाणं म्हणजे लांब्या जिंकला, आणि जाणं म्हणजेही लांब्याच जिंकला. आपल्याच हाताने विणलेल्या जाळ्यात कोळी सापडावा, तसा तो त्या नियमात सापडला होता.

रविवारी सकाळी ती शर्टाला इस्त्री करत होती. त्याने काही सांगितलं नव्हतं.

"मी म्हटलं का, जायचंय म्हणून?"

"तुम्ही नका येऊ. मी एकटी जाते. माझा चमचा सरळ आहे."

तो आंघोळीला गेला.

हॉलात शिरताच त्याला कळलं, की बातमी सगळीकडे पोचली आहे. गल्ल्यावरच्या धाकट्या मालकाने मान वर केली नाही. वाढप्यांच्या डोळ्यांनी आपसात काहीतरी देवाणघेवाण केली. त्यांचं नेहमीचं टेबल मांडून ठेवलेलं होतं. तिच्यापुढे उताणा. त्याच्यापुढे पालथा.

कप्तान बसला. त्याने रुमाल मांडीवर पसरला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. चमच्याला हात लावला नाही.

बायकोने आपला चमचा उचलला. त्याला वाटलं, ही पदराने पुसणार. तिने तो पालथा घातला. अगदी त्याच्या चमच्याच्या रेषेत. बोटाने जरासा सरकवून, दांडे बरोबर जुळवले.

लांब्या सूप घेऊन आला आणि थांबला.

"मावशी, तुमचा सरळ होता."

"माहीत आहे."

"तुमच्यावर आमचा काही राग नाही."

"असेल-नसेल. एका घरातली माणसं एका टेबलावर, एक उताणं आणि एक पालथं अशी बसत नाहीत. ठेव ते सूप."

लांब्याने वाट्या ठेवल्या. पुन्हा अंगठा. पुन्हा कोमट. कप्तानाच्या जिभेवर शब्द आला होता, धार लावून आला होता. तेवढ्यात लांब्या वळला आणि त्याला त्याची टाच दिसली. बुटाची मागची बाजू चुरगळून खाली दाबलेली होती आणि तो ते पाऊल फरशीवर अर्धंच टेकवत होता. बुटाने टाच सोलली, की वाढप्या असाच चालतो, आणि असं चालताना दोन वाट्या बोटांच्या टोकांवर तोलता येत नाहीत. अंगठा आत घालूनच धराव्या लागतात. कप्तानाला त्यावरचा उपाय माहीत होता. तो काही सांगणार नव्हता. उर्मट तो उर्मटच. सोललेल्या टाचेने माणूस साधू होत नाही.

त्याने चमचा वळवला आणि सूप पिऊ लागला. तीही पिऊ लागली. दोघांचे चमचे वाटीला एकाच वेळी लागत होते. पाव कालचा होता. कप्तानाने तो सुपात बुडवला. पाणी दोनदा मागावं लागलं, दोनदा मागितलं. शेवटी वाटीत काही उरलं नाही तेव्हा त्याने चमचा पुसला आणि होता तसा पालथा ठेवला.

बिल आलं. त्याने बिलाइतके पैसे ठेवले, नेहमीसारखे, एक पैसा वर नाही.

ती पर्सच्या कडीशी चाळा करत बसली होती. लपवायचं आता काही राहिलं नव्हतं, आणि उघड करायची तिला सवय नव्हती. पलीकडे लांब्या दुसऱ्याच टेबलावरचे तुकडे झाडत होता, इकडे पाठ करून.

"मी," कप्तान म्हणाला, आणि खुर्ची मागे सरकवली, "हात धुऊन येतो."

त्याचे हात कोरडे, स्वच्छ होते.

बेसिन हॉलाच्या त्या टोकाला होतं. तो गुडघ्यांना सांभाळत, कोणाकडे न बघता, टेबलांमधून गेला. हलणारी फरशी त्याने न बघता टाळली. नळ उघडला आणि पाण्याखाली हात धरले. आरशात बघितलं नाही. साबण लावला, धुतला, पुन्हा लावला.

पन्नास तोंडांच्या गोंगाटातही वाढप्याला एक आवाज वेगळा काढता येतो. आयुष्यभर उभं राहून कानाला तेवढं शिकवलेलं असतं. कप्तानाने नळ बारीक केला आणि वाट बघत राहिला. मागे कुठेतरी बशी उचलली गेली, आणि अलगद खाली ठेवल्यावर ती नाण्यावर टेकून जरा कलती वाजली.

मग त्याने नळ बंद केला.