काकूंची अख्खी तुकडी

हे लिहिणारच नव्हतो. यात मी दोनदा तोंडावर पडलोय आणि दोन्ही वेळा बघायला माणसं हजर होती. पण काल मित्र म्हणाला, "पराक्रम असता तर आत्तापर्यंत दहा जणांना सांगितला असतास." म्हणून लिहितोय.

मी मोबाइल दुरुस्त करतो. मित्र घरं रंगवतो. पुट्टी ओढायची पत्र्याची पट्टी कायम त्याच्या मागच्या खिशात, म्हणून त्याला सगळे पट्टीच म्हणतात. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, दवाखान्यातून घरी येऊन तीन आठवडे झाले. दोन घास खातात आणि ताट सरकवतात. डॉक्टर म्हणालेत, सोमवारी वजन आणखी उतरलं तर परत भरती करू. मग नाकातून नळी.

मऊ भात झाला, सूप झालं. काकूंचं एकच. "पेशंटचं खाणं नको मला. मासा दे. अख्खी तुकडी, वरून कुरकुरीत." आणि पट्टीने तळला की माशाचा व्हायचा चुरा.

मी म्हटलं, "मी येतो. व्हिडिओ बघून शिकलोय, हातचा मळ आहे."

गुरुवारी दुपारी काटे काढलेल्या चार तुकड्या घेऊन गेलो. धुतल्या, मीठ लावलं, एक तशीच तेलात सोडली. तेल उडालं माझ्या हातावर. मग मी दर दहा सेकंदांनी कड उचलून बघायला लागलो. कातडी पॅनला चिकटली, मासा उलथन्यावर आला. दुसरीचंही तेच.

आतून काकू म्हणाल्या, "काय रे, शिजवताय की मारताय त्याला?"

पट्टी हसला नाही. उरलेल्या दोन तुकड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ओल्या भिंतीवर रंग धरतो का?"

"नाही."

"मग ओला मासा कशाला टाकतोस? आणि रंग वाळला का म्हणून सारखं बोट लावून बघणारं गिऱ्हाईक असतं ना, तसा करतोयस तू. सरक."

त्याने धुतलेल्या फडक्याने तुकडी टिपली, फडकं कोरडं निघेपर्यंत. पॅन घासून चांगला तापवला, तेल घातलं, कातडी खाली करून तुकडी ठेवली. ती लगेच वाकडी व्हायला लागली. त्याने पिशवीतली कोरी पत्र्याची पट्टी धुऊन-पुसून वरून दाबली, दहा आकडे मोजले आणि हात मागे बांधून उभा राहिला. मी बोट पुढे केलं, तर चमच्याने फटका.

मासा कडेने खालून वर हळूहळू पांढरा होत गेला. मग त्याने ती पत्र्याची पट्टी तुकडीखाली सरकवली. तुकडी अख्खी सुटली. उलटून मिनिटभर, बस.

काकू उठून बसल्या. आम्ही दारात. पहिल्या घासाचा कुर्र आवाज मला दारापर्यंत ऐकू आला.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

पट्टी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तीन आठवड्यांत काकूंनी कशाच्याच चवीला नावं ठेवली नव्हती. चवच लागत नव्हती त्यांना. ती तुकडी संपली. मग, "दुसरी कोणासाठी राखून ठेवलीय?"

दुसरीला मीठ बरोबर पडलं.

पॅन घासताना पट्टी हळूच म्हणाला, "सोमवारपर्यंत खाईल ना रे रोज?"

मला काय माहीत. पण म्हटलं, "दुपारी दुकान बंद करून रोज मासे मी आणतो. टिपून पण देतो. आणि पॅनला बोट लावणार नाही, शब्द देतो."