गोड घरटी, तुरट घरटी

दुपारी बांगवेउलू तळ्यावरचा उजेड माझ्या छपराखाली हलत राहतो. कुंभारीण माश्या त्या उजेडातूनच माती आणतात की काय, असं वाटतं. भिंतीवर ओली गोळी थापताना त्या गुणगुणतात. शाळेत मुलं विचारायची, "मास्तर, त्या गाणं म्हणतात का?" मी म्हणायचो, "कान लावून बसा आणि मला सांगा."

निवृत्तीनंतर मीच कान लावून बसलो. चार पावसाळे ऐकल्यावर पक्कं वाटू लागलं, गुणगुण दोन तऱ्हांची आहे. म्हणजे माश्याही दोन जातींच्या.

माश्यांच्या अभ्यासक डॉक्टर चिसाला म्हणाल्या, "मास्तर, मला तर सगळ्या सारख्याच दिसतात. नुसत्या कानावर कसं लिहू? बंद घरटी काढून ठेवा, शुक्रवारी येते."

सात घरटी निघाली. हंगाम संपलेला, नवी मिळणार नव्हती. ती फळीवर मांडली आणि उजेडाकडे बघता बघता माझा डोळा लागला.

कुरकुर आवाजानं जाग आली. माझी पोटुशी नात न्कांदू फळीशी बसून काहीतरी चावत होती. फळीवर सहाच घरटी.

"अगं, हे काय केलंस!"

"ओरडू नका, नवरोबा." आमच्याकडे नाती आजोबांची अशीच थट्टा करतात. "बायकोला डोहाळे लागलेत, एवढंही देणार नाही?"

"आत माशी होती!"

"कुठली? मागून भोक होतं, कधीच उडाली. दिसत नाही म्हणा की! आणि वारुळाच्या मातीचं होतं, गोड. तळ्याकाठच्या तुरट घरट्यांना मी तोंड लावत नाही."

मी फळीकडे पाहिलं. वाळल्यावर सगळी घरटी एकसारखी करडी. तिचे डोळे बांधून मी एकेक घरटं तिच्या जिभेला लावलं. चार गोड, दोन तुरट. क्रम बदलून पुन्हा विचारलं. तेच.

शुक्रवारी डॉक्टर हसल्या. "कान झाला, आता जीभ!" तरी त्यांनी दोन्हींतलं एकेक घरटं सुरीनं उघडलं. कुंभारीण आपल्या अळीसाठी आत कोळी साठवते. गोड घरट्यात होते जाळं विणणारे, गोल पोटाचे. तुरट घरट्यात सगळे उड्या मारणारे.

डॉक्टरांनी दोन्ही ढीग भिंगाखाली पुन्हा तपासले. मग म्हणाल्या, "उरलेली चार बरण्यांत ठेवा. माद्या सारख्या दिसल्या तरी नरांत फरक असू शकतो. नर बाहेर येऊ देत."

नर घर बांधत नाहीत, भिंतीकडे फिरकत नाहीत. आम्ही ते कधी पाहिलेच नव्हते.

दोन आठवडे मी बरण्यांसमोर जागेपणी आणि झोपेत बसून काढले. मग एका सकाळी माती आतून कुरतडली गेली. गोड बरण्यांतल्या नरांच्या मिशा सरळ होत्या. तुरट बरणीतल्या नराच्या मिशांना टोकाशी वेलीसारखा पीळ होता.

न्कांदूनं बरणी उजेडात धरली. "दोन जाती," ती म्हणाली आणि झाकणाला हात घातला.

"थांब गं," मी म्हटलं, "आधी लिहून घेऊ दे."